मधलं वर्ष

गेल्या रविवारी सकाळी धुळ्याहून मामांचा फोन आला. मामा रविवारी सकाळी फोन करतात म्हणजे काहीतरी गंभीर असतं, कारण एरवी त्यांची ती वेळ दुकानाच्या वह्यांची. "तू तठे राहीसन उना ना, मंग तूच सांग," अशी थेट सुरुवात. (मामा अहिराणीत सुरू झाले की समजायचं, मामला घरचा आहे. एरवी ते माझ्याशी जरा कपडे घातलेल्या मराठीत बोलतात, कारण भाचा पुण्यात इंजिनियर आहे.)

तर मामला असा. माझी मामेबहीण पुण्यात जपानी भाषेत बीए करते. दुसरं वर्ष संपत आलंय. जपान सरकारची एक शिष्यवृत्ती आहे, खास परदेशातल्या विद्यापीठांत जपानी भाषा किंवा संस्कृती हा मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी. साधारण एक वर्ष तिकडच्या विद्यापीठात राहायचं आणि शिकायचं. फी नाही, जाण्या-येण्याचं विमानभाडं ते देतात, वर महिन्याला खर्चायला पैसे. अलीकडच्या वर्षांत हा आकडा १ लाख १७ हजार येन आहे. अट अशी की वर्ष संपलं की परत यायचं आणि आपली पदवी आपल्या विद्यापीठात पूर्ण करायची. तिकडे पदवी मिळत नाही, प्रमाणपत्र मिळतं. आमच्या बाईसाहेबांची निवड झाली आहे.

आता यात मामांना फोन करण्यासारखं काय आहे? आहे. कॉलेज म्हणतंय की त्या वर्षाचे क्रेडिट आम्ही धरणार नाही. जा, खुशाल जा, पण परत आलात की ज्युनियर मुलांबरोबर थर्ड इयरला बसा, मधे एक वर्षाची गॅप दिसेल. म्हणजे तीन वर्षांची पदवी चार वर्षांची. मामांचं गणित सरळ आहे. तिच्याबरोबरच्या मुली पुढच्या वर्षी बीए होऊन आयटी कंपन्यांत जपानीच्या जोरावर लागतील, ही बसेल वर्गात. एक वर्षाचा पगार गेला. शिवाय वय. शिवाय "तठे तुनं कोन शे?" हा आजीचा प्रश्न, जो ती मी पुण्याला निघालो तेव्हाही विचारत होती.

"एक वर्ष वाया जाईल का नाही, एवढंच सांग," मामा म्हणाले.

मी म्हणालो, मामा, मला आठवडा द्या. आणि मग आठवडाभर हेच डोक्यात घोळत राहिलं. त्याचं असं आहे की या विषयात अस्मादिकांचं रेकॉर्ड फारसं स्वच्छ नाही. तीन वर्षांपूर्वी हीच मुलगी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास होऊन "मला जपानी करायचंय" म्हणाली, तेव्हा घरात सगळ्यात मोठ्याने विरोध मीच केला होता. "इंजिनियरिंग कर, जपानी वीकेंडला कर, माझ्यासारखी," असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही. बरं झालं.

माझी जपानी ही वीकेंडचीच. आमच्या कंपनीत जपानचा प्रोजेक्ट होता, कंपनीने क्लास लावून दिला. शनिवार-रविवार तीन-तीन तास, "मिन्ना नो निहोंगो" हे पुस्तक, कांजीची कार्डं, बसमधे पाठांतर. एन-फाइव्ह, मग एन-फोर, मग एन-थ्री. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या परीक्षेच्या २०१० पासून पाच पायऱ्या आहेत. एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड.) एन-थ्रीचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हा मला खरोखर वाटलं की मला जपानी येते. या परीक्षेत ऐकायचं असतं, वाचायचं असतं, बरोबर गोळा काळा करायचा असतं. बोलायचं मात्र एक अक्षर नसतं! हे तेव्हा लक्षात आलं नाही. मग कंपनीने एका वर्षासाठी ऑनसाइट पाठवलं.

पहिले सहा महिने मी टोकियोत निशी-कासाईला राहिलो. नाव ऐकलं असेल. एदोगावा वॉर्डातला हा भाग भारतीय आयटीवाल्यांनी भरलेला आहे. डाळ मिळते, कढीपत्ता मिळतो, दिवाळी होते. याच एदोगावा वॉर्डात २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ नगरसेवक म्हणून निवडून आले. तिकडे त्यांना सगळे "योगी" म्हणतात. आता गंमत बघा, हे योगी विद्यार्थी असतानाच जपानला शिष्यवृत्तीवर जाऊन आले होते आणि नोकरीसाठी नंतर गेले. त्यांच्याच वॉर्डात राहणारा मी मात्र सहा महिन्यांत ऑफिसबाहेर जपानीत किती बोललो असेन? "पिशवी नको" आणि "हे गरम करून द्या". फ्लॅटमधे आम्ही चौघं, दोन तेलुगू, एक कानपूरचा, एक मी. माझी हिंदी मात्र खूप सुधारली. :-)

आणि ऑफिसमधे जे बोललो त्याची एक कथा सांगतो, कारण मामांना द्यायच्या उत्तरात ती येणार आहे. एका मीटिंगमधे आमच्या मॅनेजरने सांगितलेला बदल मी क्लायंटसमोर ठेवला. समोरचे गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले, तोंडाने हवा आत ओढली आणि म्हणाले, "मुझुकाशी देसु ने." शब्दशः: अवघड आहे हं. मी पुण्याला कळवलं की क्लायंटच्या मते काम अवघड आहे, पण आपण करून दाखवू. टीमने शनिवार-रविवार जागून ते करून दाखवलं. सोमवारी डेमोला तेच गृहस्थ आणखी गप्प. कारण "अवघड आहे" म्हणजे "नाही". त्यांनी नकार दिला होता, सभ्यपणे, सगळ्यांसमोर, आणि खोलीतल्या प्रत्येक जपानी माणसाला तो ऐकू आला होता. मला प्रत्येक शब्द कळला होता आणि वाक्य कळलं नव्हतं.

आपल्याकडे हे नाही का? "पाहू, सांगतो" याचा अर्थ जळगावात कुठल्याही पोराला माहीत असतो. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे "घरी विचारून कळवतो" म्हणाले की मुलीकडचे चहाचे कप उचलायला लागतात. पण हे कुठल्या पुस्तकात शिकवणार? आणि शिकवलं तरी परीक्षेत याचा गोळा कसा काळा करणार?

नंतरचे सहा महिने मला क्लायंटच्या कारखान्याजवळ हलवलं, नागोयाच्या बाजूला एका छोट्या गावात. भारतीय मी एकटा. पहिल्याच आठवड्यात एक आजीबाई माझी कचऱ्याची पिशवी हातात घेऊन दाराशी उभ्या. मी चुकीच्या दिवशी चुकीचा कचरा टाकला होता. आणि त्या जे बोलल्या त्यातलं मला काहीही, म्हणजे काहीही कळलं नाही. एन-थ्री पास! त्या तिकडच्या बोलीत बोलत होत्या. क्रियापदांचे शेवट वेगळे, "खूप" या शब्दालाच वेगळा शब्द. पुस्तकातली जपानी ही टोकियोच्या बातम्या देणाऱ्या माणसाची जपानी आहे हे मला दीड वर्ष क्लास करून कोणी सांगितलं नव्हतं. (बहुधा सांगितलं असेल, मी डबा खात असेन.)

त्या दिवशी दार लावल्यावर मला एकदम धुळ्याची आजी आठवली. समजा एखादा जपानी पोरगा पुण्यात मराठीचा कोर्स करून, "मला पाणी हवे आहे" असं छान घोटून, धुळ्याला आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि आजी त्याला "आठे बैस, काय करी राह्यना?" म्हणाली, तर त्याचं जे होईल तेच माझं झालं होतं.

तिथून पुढे मी रोज संध्याकाळी त्या आजीबाईंशी पाच मिनिटं बोलायला लागलो. कचरा, पाऊस, त्यांचा गुडघा, त्यांचा टोकियोतला मुलगा जो फोन करत नाही. बोलीत बोललेलं मला त्या पुन्हा सावकाश सांगायच्या, लहान मुलाला सांगतात तसं. त्या सहा महिन्यांत मी जे शिकलो ते आधीच्या दीड वर्षाच्या क्लासपेक्षा आणि सहा महिन्यांच्या टोकियोपेक्षा जास्त होतं. व्याकरण एकही नवीन नाही. माणूस गप्प का झाला, हे कळायला लागलं.

म्हणून "वर्ष वाया" या शब्दांवर माझा आक्षेप आहे. पण आक्षेप नोंदवण्याआधी मामांची बाजू नीट मांडायला हवी. वीकेंडला बसून लोकांना धाडसाचे सल्ले देणाऱ्या पगारदार माणसाला ते फार सोपं असतं.

मामांचं म्हणणं बाजारभावाने बरोबर आहे. आमच्या क्षेत्रात विचारतात ते सर्टिफिकेट. एन-टू आहे का, एन-टू. ते तुम्ही जपानमधे राहून मिळवलं की कर्वे रोडला क्लास लावून, हे एचआरला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं. पुण्यात बसून एन-टूच काय, एन-वन पास झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापुढे हात जोडतो. तेव्हा "वर्षभर जाऊन आली तर पगार किती वाढेल?" या प्रश्नाला माझ्याकडे मामांना पटेल असं उत्तर नाही. शिवाय जाऊन आलेला प्रत्येकजण शिकून येतो असंही नाही. माझे निशी-कासाईचे सहा महिने हा त्याचा पुरावा आहे.

पण प्रश्न नोकरीचा असता तर ती पदवी करतेय कशाला? पदवी भाषेची आहे. इंजिनियरिंगला आम्हाला वर्कशॉप होतं. पहिल्या वर्षी फायलिंग करून हाताला फोड आले, लेथवर जॉब बिघडवला, पण लेथ न बघता कोणी मेकॅनिकल इंजिनियर होत नाही. डॉक्टरांना इंटर्नशिप आहे. बीएडवाल्यांना शाळेत जाऊन पाठ घ्यावे लागतात. मग भाषेची पदवी ती भाषा बोलणाऱ्या माणसांत एक दिवसही न राहता मिळते, हे आपल्याला विचित्र का वाटत नाही?

इंग्लंडमधे फ्रेंच किंवा जर्मनची पदवी साधारण चार वर्षांची असते आणि तिसरं वर्ष त्या देशात काढायचं असतं. तो अभ्यासक्रमाचाच भाग, गॅप नव्हे. युरोपात विद्यार्थ्यांच्या अशा देवाणघेवाणीसाठी १९८७ मधे इरॅस्मस योजना सुरू झाली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर त्यातूनही बाहेर पडलं, तर त्यांनी २०२१ पासून ट्युरिंगच्या नावाने स्वतःची वेगळी योजना काढली. म्हणजे भांडण झालं, घर वेगळं झालं, तरी पोरांना बाहेर पाठवणं बंद करावं असं त्यांना वाटलं नाही.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ते वर्ष तिसरं असतं, मधलं. शेवटचं नाही. दोन वर्षं व्याकरण घोटायचं, मग वर्षभर तिकडे जाऊन आपटायचं, आणि मग परत येऊन शेवटच्या वर्षी जे आपटलं त्याचा अभ्यास करायचा. मला "मुझुकाशी"चा अर्थ कळला तेव्हा माझ्याकडे परत जायला वर्ग नव्हता, डेडलाइन होती. बहिणीकडे वर्ग असेल. ज्युनियर पोरांबरोबर बसावं लागेल ही शिक्षा समजली जातेय. पण माझ्या मते त्या वर्गात शिकवणाऱ्यांना सगळ्यात अवघड प्रश्न तीच विचारेल.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं युरोप-जपानचं कौतुक झालं, खानदेशात कोणी असं केलंय का? केलंय. फक्त शिष्यवृत्ती इंग्रज सरकारची होती आणि वसतिगृहाला गज होते.

साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. १९३० मधे नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले आणि तिथून त्यांना पार त्रिचनापल्लीच्या तुरुंगात हलवलं. १९३२ मधे ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, आणि ती गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून "गीता प्रवचने" हे पुस्तक आज आहे. ही गोष्ट धुळ्यात शाळेत असतानाच कानावर पडते. त्रिचनापल्लीची गोष्ट मात्र कमी सांगतात. तिथे दक्षिणेकडच्या राजबंद्यांबरोबर राहून गुरुजी तमिळ शिकले. पुढे तिरुवळ्ळुवरांचा "कुरळ" त्यांनी मराठीत आणला. कोकणातल्या पालगडात जन्मलेला, खानदेशात मास्तरकी केलेला माणूस कावेरीकाठच्या तुरुंगात तमिळ शिकतो! क्लास नाही, परीक्षा नाही, आजूबाजूला ती भाषा बोलणारी माणसं आणि भरपूर वेळ.

विनोबांचंही तेच. ४२ च्या चळवळीनंतर ते वेल्लोरच्या तुरुंगात होते, तिथे त्यांनी दक्षिणेतल्या चारही भाषा शिकून घेतल्या. आणि गुरुजींनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत आंतरभारतीचा ध्यास घेतला होता, म्हणजे एका प्रांताच्या माणसांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथली माणसं ओळखावीत. १९५० मधे ते गेले. मला नेहमी वाटतं की या कल्पनेचं मूळ त्रिचनापल्लीच्या त्या बराकीत असणार. हा माझा अंदाज, अभ्यासकांनी रागवू नये.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. गोव्याचे धर्मानंद कोसंबी. त्यांना बौद्ध धर्म मुळातून वाचायचा होता, म्हणून १९०२ मधे ते सिलोनला गेले आणि तिथल्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले. पुढे १९१२ पासून फर्ग्युसनमधे पाली शिकवू लागले. हातात पैसे नाहीत, प्रवास धड नाही, घरी बायको-मूल. त्यांच्या घरच्यांनी "वर्ष वाया जाईल" यापेक्षा कितीतरी कठोर काही म्हटलं असतं तरी चुकीचं नव्हतं.

असो. मोठ्या माणसांची उदाहरणं मामांना दिली तर ते म्हणतील, "त्या साने गुरुजी व्हत्या का?" आणि ते बरोबरच आहे. सगळ्यांना तुरुंगात किंवा सिलोनला पाठवता येत नाही. जपानची ही शिष्यवृत्तीही मोजक्यांना मिळते. फ्रेंच शिकणाऱ्यांना फ्रान्सच्या शाळांत सात महिने भाषा-सहायक म्हणून जाण्याची एक सोय आहे, तीही निवडक लोकांना. बाकीच्यांनी काय करायचं? धुळ्या-जळगावच्या कॉलेजांत इंग्रजी घेऊन बीए होणारी शेकडो मुलं आहेत. माझे शाळेतले दोन मित्र त्यातलेच. शेक्सपियरचं नाटक गाइडमधून, गाइडचा अर्थ मराठीतून, परीक्षा पाठांतरातून. पदवी इंग्रजीची आणि फोनवर समोरून इंग्रजी आलं की फोन माझ्याकडे. त्यांची हुशारी कमी नव्हती. तीन वर्षांत त्यांना इंग्रजीत कोणी एक साधा प्रश्न विचारला नाही, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला खरंच हवं होतं.

त्यांना लंडनला पाठवा असं मी म्हणत नाही. पण नव्या शैक्षणिक धोरणात आता ऑन-जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत, फील्ड प्रोजेक्टला आहेत. मग भाषेच्या विद्यार्थ्याचं फील्ड कुठलं? हिंदीवाल्याने एक सत्र इंदूर किंवा भोपाळला का काढू नये? भुसावळहून बऱ्हाणपूर तर रेल्वेने तासाभरावर आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने महिनाभर साक्रीच्या एखाद्या गावात राहून अहिराणी का लिहून काढू नये? आमच्या विद्यापीठाला २०१८ मधे बहिणाबाईंचं नाव दिलं, फार छान झालं. पण शाळेत कधीच न गेलेल्या आणि लेवा बोलीत रचना केलेल्या या बाईंच्या नावाच्या विद्यापीठात बोलीतलं वाक्य पेपरात लिहिलं तर मार्क जातात की राहतात, हे आपलं आपण बघावं.

कागदावर तर परदेशाचीही सोय झाली आहे. यूजीसीने २०२२ मधे नियम केले, त्यानुसार परदेशी विद्यापीठाशी करार असेल तर ट्विनिंगमधे पदवीचे ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिकडे घेता येतात. क्रेडिट साठवायची बँक २०२१ पासून आहे. पण करार पाहिजे. कराराला कोणीतरी पत्र लिहायला पाहिजे. पत्र लिहायला विभागात कायमचा माणूस पाहिजे. एका मुलीसाठी एवढं कोण करणार? त्यापेक्षा "गॅप" लिहिणं सोपं. राग येतो तो याचा. जपान सरकार एका मुलीवर तिच्या भाषेसाठी लाखो येन खर्च करायला तयार आहे आणि आपल्याकडे त्याची नोंद करायला मार्कशीटवर रकाना नाही.

आणि एक गोष्ट, जी मी मामांना फोनवर सांगू शकलो नाही. परदेशातलं वर्ष मी त्याआधी एकदा काढलेलं होतं. पुण्यातलं पहिलं वर्ष. होस्टेलवर मी "मी करेल, मी जाईल" म्हणायचो आणि पोरं हसायची. "करेन म्हण, करेन." "काय करून राहिला?" म्हटलं की खोलीभर हशा. दोन महिने मी मोजून बोललो. सहा महिन्यांनी "करेन" तोंडात बसलं, आणि दिवाळीला जळगावला गेलो तर चुलतभाऊ हसला, "आला मोठा पुणेकर." भाषा ही माणसांची असते, आणि दुसऱ्या माणसांत राहायला गेलं की आधी आपण मूर्ख ठरतो, हे मला तिथे कळलं. ते मूर्ख ठरणं वर्गात होत नाही. वर्गात सगळेच सारखे चुकतात.

बहिणीचंही पुण्यात हे झालं असणार. तिने कधी सांगितलं नाही. मी गुरुवारी तिला भेटलो तेव्हा विचारलं, काय ठरवलंयस? ती म्हणाली, "दादा, मी जाईल." (जाईन नाही. माझ्याशी ती घरच्यासारखी बोलते.) मग म्हणाली, विद्यापीठ निवडायचा पसंतीक्रम भरताना तिने मुद्दाम टोकियो खाली टाकलं होतं. "तुझ्या निशी-कासाईच्या गोष्टी ऐकल्या होत्या ना," म्हणाली. मी काय बोलणार?

काल शनिवारी रात्री मामांना फोन केला. वरचं बहुतेक सगळं सांगितलं, कोसंबी सोडून. पगाराचं खरं तेच सांगितलं, की वाढेल याची खात्री नाही. नकाराची गोष्ट सांगितली, ती त्यांना फार आवडली. दुकानात उधारीवाले रोज असंच बोलतात म्हणाले. मग बराच वेळ गप्प. मला आता गप्प बसण्याचे अर्थ लावायची सवय आहे, पण मामांचं कळेना.

शेवटी विचारलं, "ते कॉलेजवाले क्रेडिट देणार नाहीत, ते लेखी दिलंय का तोंडी?"

म्हटलं, तोंडीच.

"मंग मी मंगळवारी येतो पुण्याला. विभागप्रमुखांना भेटू. लेखी द्या म्हणू. तू सुट्टी टाक."

सुट्टी टाकली आहे. यूजीसीच्या त्या नियमांची प्रिंटही काढून ठेवली आहे, दोन प्रती.